छायाचित्राचा दर: दिवस, प्रत आणि हक्क

छायाचित्राचा दर ठरवताना तीन निराळ्या गोष्टींचे मोल करावे लागते. पहिली म्हणजे ते काढण्यात आणि नंतर संगणकापुढे बसून ते तयार करण्यात गेलेला वेळ. दुसरी, गिऱ्हाइकाच्या हाती पडणारी वस्तू: अल्बम, चौकटीतली प्रत किंवा पेन ड्राइव्ह. तिसरी, ती प्रतिमा कुठे, किती काळ आणि कशासाठी वापरता येईल याची परवानगी. पहिल्या दोन गोष्टी डोळ्यांना दिसतात, म्हणून त्यांचे पैसे मागताना संकोच होत नाही. तिसरी दिसत नाही आणि बहुतेक वेळा ती फुकटच दिली जाते. छायाचित्रणावर घर चालवू पाहणाऱ्या माणसाचे सर्वांत मोठे नुकसान इथे होते.

भोपाळमधल्या इंद्रपुरीचे उदाहरण घेतले तर हा फरक चांगला कळतो. रायसेन रस्त्यालगतची ही वस्ती भेल (भारत हेवी इलेक्ट्रिकल्स) या सरकारी कंपनीच्या नगरीला चिकटून आहे. पिपलानी आणि बरखेडा शेजारी, गोविंदपुऱ्याची औद्योगिक वसाहत जवळच, आणि रायसेन रस्त्याने पुढे गेले की खासगी अभियांत्रिकी महाविद्यालये. इथे खोली भाड्याने घेऊन स्टुडिओ चालवणाऱ्या फोटोग्राफरकडे एकाच आठवड्यात किती तऱ्हेची कामे येऊ शकतात पाहा. वसतिगृहातल्या विद्यार्थ्याला पासपोर्ट फोटो हवा असतो. भेलमधून निवृत्त झालेल्या गृहस्थांच्या मुलीचे लग्न असते. गोविंदपुऱ्यातल्या एका कारखान्याला आपल्या सुट्या भागांचे कॅटलॉग छापायचे असते. एखाद्या महाविद्यालयाला माहितीपुस्तिकेसाठी इमारतीची आणि प्रयोगशाळेची छायाचित्रे हवी असतात. आणि पुण्याहून एका दिवाळी अंकाच्या संपादकांचा निरोप येतो की, सांचीच्या तोरणाचा तुमचा फोटो मुखपृष्ठाला हवा आहे, मानधन कळवा. कॅमेरा तोच आणि माणूसही तोच असला तरी पाचही कामांचा हिशेब वेगवेगळ्या पायावर उभा राहतो. पासपोर्ट फोटोत वस्तूची किंमत आहे, लग्नात वेळ आणि वस्तू दोन्हींची. कॅटलॉग आणि माहितीपुस्तिकेत वेळेइतकेच वजन वापराला आहे. दिवाळी अंकाच्या बाबतीत तर फोटो आधीच काढून ठेवलेला असल्यामुळे विकायला उरते ती फक्त परवानगी.

फोटो कोणाचा?

दर मागण्याआधी आपण विकतो आहोत ती गोष्ट आपल्या मालकीची आहे का, हे पाहावे लागते. भारतात याचे उत्तर 1957 च्या कॉपीराइट कायद्यात आहे. छायाचित्र ही या कायद्याच्या दृष्टीने कलाकृती असून ते काढणारा तिचा कर्ता आणि सर्वसाधारणपणे पहिला मालक ठरतो. मात्र कलम 17 मध्ये या नियमाला अपवाद आहेत आणि ते व्यावसायिक फोटोग्राफरच्या रोजच्या कामावरच येतात. कोणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन छायाचित्र काढले असेल आणि वेगळा करार नसेल, तर त्याचा पहिला मालक ते काढून घेणारा असतो. नोकरीचा भाग म्हणून काढलेल्या छायाचित्राचा मालक, उलट करार नसेल तर, नोकरी देणारा. वर्तमानपत्रात किंवा मासिकात नोकरी करणाऱ्याच्या बाबतीत प्रकाशनापुरता हक्क मालकाकडे जातो आणि बाकीचे हक्क छायाचित्रकाराकडे राहतात.

याचा इंद्रपुरीतला अर्थ सरळ आहे. लग्नाचे फोटो, करारात काही लिहिले नसेल तर, लग्नघराचे. त्यातला एखादा सुंदर फोटो स्टुडिओच्या पाटीवर किंवा इन्स्टाग्रामवर लावायचा असेल, तर फोटोग्राफरलाच परवानगी घ्यावी लागते. कारखान्याच्या कॅटलॉगचेही तेच. पण रविवारी पहाटे उठून स्वतःच्या मर्जीने सांचीला जाऊन काढलेला तोरणाचा फोटो पूर्णपणे छायाचित्रकाराचा. म्हणून ऑर्डरच्या कामात आपले हक्क राखायचे असतील तर ते बयाणा घेतानाच लिहून घ्यावे लागतात. काम संपल्यावर तो विषय काढून उपयोग होत नाही.

कॉपीराइट दृश्यावर नसतो, छायाचित्रावर असतो, हेही इथेच ध्यानात घ्यायला हवे. डिसेंबर 1984 मध्ये वायुदुर्घटनेनंतर भोपाळमध्ये पुरल्या जाणाऱ्या एका अनोळखी बालकाचा चेहरा रघु राय आणि पाब्लो बार्थोलोम्यू या दोघांनीही टिपला. रायांचे कृष्णधवल छायाचित्र त्या दुर्घटनेची ओळख बनले, तर बार्थोलोम्यूंच्या रंगीत छायाचित्राला 1984 चे 'वर्ल्ड प्रेस फोटो ऑफ द इयर' हा मान मिळाला. दफन एकच, पण कलाकृती दोन आणि त्यांचे हक्कही दोन. सांचीच्या स्तूपाचे लाखो फोटो निघाले असतील, म्हणून नव्या फोटोला किंमत नाही असे कोणी म्हणाले तर ते कायद्याला धरून नाही आणि व्यवहारालाही धरून नाही. गिऱ्हाईक त्या विशिष्ट प्रकाशातल्या, त्या विशिष्ट कोनातल्या प्रतिमेकडे आलेले असते.

उलट बाजूही पाहायला हवी. दुसऱ्याच्या कलाकृतीचा फोटो काढला तर शटर आपण दाबले एवढ्याने तो सर्वस्वी आपला होत नाही. सार्वजनिक ठिकाणी कायम उभारलेली शिल्पे आणि इमारती यांचे छायाचित्र काढण्याची व छापण्याची मुभा कायदा देतो. सांची, भोजपूर, भीमबेटका तर इतकी जुनी स्थळे आहेत की तिथे निर्मात्याच्या कॉपीराइटचा प्रश्नच नाही. फक्त संरक्षित स्मारकात ट्रायपॉड लावायचा किंवा व्यावसायिक चित्रीकरण करायचे तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी घ्यावी लागते आणि तिचा खर्च दरात धरावा लागतो. चित्रांचे मात्र तसे नाही. भोपाळच्या भारत भवनमधून जगापुढे आलेले गोंड चित्रकार जनगढ सिंह श्याम 2001 मध्ये वारले. कलावंताच्या मृत्यूनंतर 60 वर्षे हा नियम धरला तर त्यांच्या चित्रांवरचा हक्क 2061 च्या अखेरपर्यंत टिकतो. त्यांच्या चित्राचा नुसता फोटो काढून त्याच्या प्रती विकणे म्हणजे दुसऱ्याचा माल विकणे.

दिवसाचा दर

ऑर्डरच्या कामाचा पाया म्हणजे दिवसाचा दर. तो शेजारच्या स्टुडिओत विचारून ठरवण्याची पद्धत सर्रास आहे, पण तिच्यात एक धोका आहे. शेजाऱ्यानेही तो आणखी कोणाला तरी विचारून ठरवलेला असतो, आणि या साखळीत कोणीच स्वतःचा खर्च मोजलेला नसण्याची शक्यता असते. आधी स्वतःचा खर्च काढावा, मग बाजाराशी ताडून पाहावा.

नमुन्यासाठी एक हिशेब मांडू. आकडे केवळ समजण्यासाठी आहेत, प्रत्येकाने आपापले घालावेत. खोलीचे भाडे आणि वीज महिना 8,000 रुपये धरले तर वर्षाचे 96,000. कॅमेऱ्याची बॉडी दीड लाखाची, तीन वर्षांनी बदलावी लागेल असे धरले, तर वर्षाला 50,000. लेन्स, फ्लॅश आणि संगणक मिळून अडीच लाख, पाच वर्षांत विभागले तर आणखी 50,000. एडिटिंगचे सॉफ्टवेअर, हार्ड डिस्क, इंटरनेट, फोन यांचे 36,000. दुरुस्ती आणि विमा 24,000. पेट्रोल 30,000. जाहिरात आणि नमुन्याचे अल्बम 14,000. हे सगळे मिळून 3,00,000 होतात. यात फोटोग्राफरच्या घरखर्चाचा एक रुपयाही नाही. घरी दरमहा 40,000 न्यायचे असतील तर वर्षाचे 4,80,000. एकूण गरज 7,80,000.

आता या रकमेला कशाने भागायचे? नव्याने धंद्यात पडलेला माणूस 300 कामाच्या दिवसांनी भागतो आणि 2,600 रुपये रोज असा दर काढतो. हाच आकडा त्याला पुढे बुडवतो. लग्नाचा मोसम वर्षभर नसतो. चातुर्मासात मुहूर्त नसतात. देवउठनी एकादशीनंतर हंगाम उघडतो, तर डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत मध्य प्रदेशात खरमास हा लग्नाला वर्ज्य काळ पाळतात आणि पुन्हा शांतता. भरीस भर म्हणजे चित्रीकरणाच्या एका दिवसामागे निवड, रंगसंस्कार, अल्बमची मांडणी, गिऱ्हाइकाने सुचवलेले बदल यांत दीड दिवस सहज जातो. वर्षात 100 दिवस चित्रीकरण म्हटले तर त्यामागे 150 दिवस संगणकापुढे, म्हणजे 250 दिवस भरले. पैसे मात्र त्या 100 दिवसांचेच मागता येतात. 7,80,000 भागिले 100, म्हणजे 7,800 रुपये. अडीअडचणीसाठी दहा टक्के बाजूला ठेवले तर दर साडेआठ हजारांच्या वर जातो. वरच्या 2,600 च्या तिपटीहून अधिक! या दरात मदतनिसाचा रोज, लॅबचे पैसे, अल्बमची छपाई, बाहेरगावचा मुक्काम यांपैकी काहीच धरलेले नाही. ते प्रत्येक ऑर्डरवर वेगळे लावायचे.

कॅमेऱ्याला तीनच वर्षे का दिली, असा प्रश्न येईल. यांत्रिक शटर झिजते. मध्यम दर्जाच्या डीएसएलआर कॅमेऱ्याचे शटर कंपन्या साधारण दीड लाख क्लिकपर्यंत तपासलेले असल्याचे सांगतात. 100 दिवसांत रोज सरासरी 500 क्लिक धरले तरी वर्षाला 50,000 होतात, म्हणजे तीन वर्षांत तो आकडा गाठला. नेमक्या त्या क्लिकला कॅमेरा बंद पडतो असे नाही, आणि मिररलेस कॅमेऱ्यात इलेक्ट्रॉनिक शटर वापरले तर ही झीज टळते. तरीही दीड लाखाच्या बॉडीवर दीड लाख क्लिक म्हणजे दर क्लिकला एक रुपया, हा अंदाज मनात असला की "दोनचारशे फोटो जास्तीचे काढून द्या ना" या विनंतीला काय उत्तर द्यायचे ते ठरवता येते.

ड्रोन, दुसरा कॅमेरा, लग्नाआधीचे चित्रण या गोष्टी या पायावर भर घालतात. ड्रोनच्या बाबतीत एवढे लक्षात असावे की 2021 च्या नियमांनुसार 250 ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला सूट आहे, पण त्याहून मोठा ड्रोन व्यवसायासाठी उडवायचा तर चालकाकडे प्रमाणपत्र लागते. भोपाळसारख्या विमानतळाच्या शहरात कुठे उडवता येईल यालाही मर्यादा आहेत. प्रमाणपत्र असलेल्या चालकाचा रोज कोटेशनमध्ये स्वतंत्र दाखवलेला बरा.

वापराची किंमत

आता तिसरी आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट. घर भाड्याने देणे आणि त्याचे खरेदीखत करून देणे यांत जो फरक आहे, तोच छायाचित्र वापरण्याचा परवाना देणे आणि त्याचा कॉपीराइट लिहून देणे यांत आहे. परवाना दिल्यावर फोटो छायाचित्रकाराकडेच राहतो आणि तोच पुन्हा दुसऱ्याला देता येतो. हक्क हस्तांतरित केला की तो हातचा गेला.

एकाच फोटोवर अनेकदा कमाई करण्याची पद्धत मध्य भारतात फार जुनी आहे. लाला दीनदयाळ 1870 च्या दशकात इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला असताना छायाचित्रणाकडे वळले. 1882 मध्ये ते ब्रिटिश अधिकारी सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर बुंदेलखंडाच्या दौऱ्यावर गेले आणि मध्य भारतातल्या वास्तूंची त्यांची छायाचित्रे ग्रिफिन यांच्या 1886 च्या ग्रंथात आली. पुढे ते निजामाचे राजछायाचित्रकार झाले, सिकंदराबादेत आणि मुंबईत त्यांचे स्टुडिओ निघाले. त्यांच्या छायाचित्रांवर नाव आणि क्रमांक आढळतो. क्रमांक असला की गिऱ्हाइकाला नेमकी हवी ती प्रत मागवता येते आणि एक निगेटिव्ह वर्षानुवर्षे प्रती देत राहते. आजच्या छायाचित्रकाराने हार्ड डिस्कवरच्या फोटोंना स्थळ, तारीख आणि क्रमांक दिलेला असेल, तरच दिवाळी अंकाच्या संपादकांना तासाभरात उत्तर जाते. शोधण्यात दोन दिवस गेले तर संपादक दुसरीकडे वळतात. नीट लावलेला संग्रह हेच या धंद्यातले भांडवल आहे.

परवान्याचा दर काही प्रश्नांच्या उत्तरांवरून निघतो. फोटो मजकुराबरोबर जाणार की जाहिरातीत? छापील की संकेतस्थळावर? किती प्रती, केवढा आकार? किती महिने? फक्त भोपाळमध्ये की देशभर? आणि इतर कोणाला तो देता येणार की नाही? यातला पहिला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. दिवाळी अंकातल्या लेखासोबत छापलेला सांचीचा फोटो वाचकाला माहिती देतो. तोच फोटो एखाद्या हॉटेलच्या फलकावर लागला तर तो खोल्या विकतो. ज्या वापरातून गिऱ्हाईक पैसे मिळवणार, त्याचा दर जास्त, हे तत्त्व न्याय्य आहे आणि समजावून सांगितले तर गिऱ्हाइकालाही पटते.

समजा, छायाचित्रकाराने एका संकेतस्थळावरच्या वर्षभराच्या साध्या वापरासाठी 3,000 रुपये हा आपला मूळ आकडा ठरवला. दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठाला, एकाच वेळच्या छपाईसाठी, तो त्याच्या आसपास राहील, कारण मराठी नियतकालिकांची आर्थिक ताकद मर्यादित असते आणि वापर एका अंकापुरता असतो. एखाद्या कंपनीच्या कॅलेंडरला तो दुप्पट-तिप्पट करावा. शहरभर लागणाऱ्या फलकाला याहून पुष्कळ अधिक. "हा फोटो फक्त आम्हालाच" अशी अट आली तर पट लावून भागत नाही, वेगळे गणित करावे लागते: पुढच्या काही वर्षांत हा फोटो आणखी किती जणांना देता आला असता, याचा अंदाज बांधायचा. चार जणांना प्रत्येकी 5,000 ला गेला असता असे वाटत असेल, तर एकट्यासाठीची किंमत 20,000 च्या खाली जाऊ नये.

"सगळे हक्क द्या" ही मागणी करणाऱ्याला बहुधा त्याचा अर्थ माहीत नसतो. 2012 च्या दुरुस्तीपूर्वी छायाचित्राचा कॉपीराइट प्रकाशनापासून 60 वर्षे असे. आता तो छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षे टिकतो. तिशीतल्या माणसाने आज काढलेला फोटो त्याच्या नातवंडांनाही उत्पन्न देऊ शकतो. महाविद्यालयाला तीन वर्षे माहितीपुस्तिकेत छापायला फोटो हवा असेल, तर तीन वर्षांचा परवाना घेणे त्यालाही स्वस्त पडते. हक्क हस्तांतरित करण्याचा करार लेखी आणि सहीचा असावा लागतो, परवानाही लेखी लागतो. करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती 5 वर्षे धरतो आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. मोघम करारातून मिळणारे हे संरक्षण छायाचित्रकाराच्या बाजूचे आहे, पण ते कामी येण्यासाठी आधी कागद असावा लागतो.

फोटोत ओळखू येणारा माणूस असेल आणि वापर जाहिरातीचा असेल, तर त्या माणसाची लेखी संमती हवी. महाविद्यालयाच्या माहितीपुस्तिकेत झळकणारे विद्यार्थीही यात आले. संमतीपत्रे जमवण्याची जबाबदारी कोणाची हे कोटेशनमध्ये लिहावे. छायाचित्रकाराने ती घेतली तर त्याचा वेळ लावावा.

भिंतीवरची प्रत

फोटोची छापील प्रत कलावस्तू म्हणून विकणे हा निराळा व्यवहार आहे. इथे खर्चापेक्षा दुर्मिळता बोलते. फाइलमधून कितीही प्रती निघू शकतात, म्हणून छायाचित्रकार स्वतःवर बंधन घालतो: या आकारात फक्त 25 प्रती, प्रत्येकीवर क्रमांक आणि सही, त्यानंतर छपाई बंद. आंद्रेआस गुर्स्की यांच्या ऱ्हाइन नदीच्या छायाचित्राला 2011 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात 43 लाख डॉलर मिळाले, तेव्हा त्याच्या एकूण प्रती अवघ्या सहा होत्या. ते टोकाचे उदाहरण. भोपाळमधल्या दालनात किंवा एखाद्या हॉटेलच्या भिंतीसाठी हिशेब साधा असतो. छपाई आणि चौकट मिळून 2,500 रुपये खर्च आला, दालन 40 टक्के कमिशन घेते आणि प्रत 10,000 ला विकली गेली, तर हातात 6,000 येतात, खर्च वजा जाता 3,500. तीच प्रत स्टुडिओतून थेट 6,000 ला विकण्याचा मोह होतो, पण तसे केल्यावर दालनातून 10,000 ला घेणाऱ्याची फसवणूक होते. प्रत कुठूनही घेतली तरी किंमत एकच ठेवावी. एकदा जाहीर केलेली प्रतींची मर्यादा ओलांडणे हा तर सरळ विश्वासघात आहे.

स्टॉक संकेतस्थळांवर दर छायाचित्रकाराच्या हाती नसतो. शटरस्टॉकने जून 2020 पासून पातळ्यांची पद्धत आणली. तीत छायाचित्रकाराला किमतीच्या 15 ते 40 टक्के मिळतात आणि दर 1 जानेवारीला पुन्हा तळापासून सुरुवात होते. एका डाउनलोडमागे काही सेंट एवढीच रक्कम पडू शकते. तिथे चालतात ते हजारांच्या संख्येने टाकलेले सर्वसाधारण फोटो. भोज तलावावरचे सारस किंवा डिसेंबर 2024 मध्ये व्याघ्र प्रकल्प झालेल्या रातापानीच्या जंगलातले एखादे दुर्मीळ दृश्य अशा ठिकाणी टाकणे म्हणजे त्याची किंमत कायमची खाली आणणे, कारण पुढे कोणी एकट्यासाठी हक्क मागितला तर तो देता येत नाही.

नावाच्या बदल्यात फोटो

"पैसे नाहीत, पण तुमचे नाव छापू," असा प्रस्ताव प्रत्येक छायाचित्रकाराकडे येतो. त्याचा नीट विचार करायला हवा. कायद्याच्या कलम 57 नुसार आपल्या कृतीचे कर्तेपण सांगण्याचा हक्क निर्मात्याला आहेच, कॉपीराइट विकल्यानंतरही तो उरतो. म्हणजे नाव छापण्याचे आश्वासन देणारा जे छायाचित्रकाराचेच आहे ते त्याला परत देऊ करतो. तो मोबदला होऊ शकत नाही.

नाव नसण्याची किंमत काय असते, हे वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांच्या सुरुवातीच्या काळावरून दिसते. 1930 च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत 'बॉम्बे क्रॉनिकल'कडून त्यांना एका छायाचित्राचा एक रुपया मिळे, आणि त्यांची बरीच छायाचित्रे पती माणेकशॉ यांच्या नावाने छापली जात. नाव हवेच आणि दामही हवा. रॉबर्ट कापा, आंरी कार्तिए-ब्रेसाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1947 मध्ये 'मॅग्नम' ही संस्था काढली, ती छायाचित्रांचे हक्क मासिकांकडे न जाता छायाचित्रकारांकडे राहावेत याच आग्रहातून.

फुकट द्यायचे प्रसंगही असतात. वायुपीडितांसाठी काम करणारी संघटना, वस्तीतला गणेशोत्सव, शाळेचे वाचनालय, मराठी मंडळाची स्मरणिका. अशा वेळी बिल पूर्ण रकमेचे करावे आणि त्याच कागदावर ती सूट म्हणून वजा दाखवावी. काय मिळाले हे घेणाऱ्याला कळते, आणि पुढच्या वर्षी दुसरा कोणी त्या "फुकटच्या दराचा" दाखला देत नाही. क्युबाच्या आल्बेर्तो कोर्दा यांनी 1960 मध्ये काढलेल्या चे गेव्हाराच्या छायाचित्राबद्दल अनेक दशके काही मागितले नाही. पण 2000 मध्ये एका व्होडकाच्या जाहिरातीत ते वापरले गेले तेव्हा ते न्यायालयात गेले आणि तडजोडीत मिळालेले 50,000 डॉलर त्यांनी क्युबाच्या आरोग्यसेवेला दिले. चळवळीला फोटो फुकट देणारा माणूस दारूच्या जाहिरातीला तो फुकट द्यायला बांधलेला नव्हता.

बोली आणि बिल

वस्तीतल्या व्यवहारात घासाघीस होणारच. दर सांगितल्यावर गिऱ्हाईक कमी करायला सांगते तेव्हा दर कमी न करता काम कमी करणे हा प्रामाणिक मार्ग आहे: तीनऐवजी दोन दिवस, दोन अल्बमऐवजी एक, 300 ऐवजी 150 निवडक फोटो. एकाच कामाचा आकडा 40,000 वरून 25,000 ला आला, तर पहिला आकडा फुगवलेला होता असेच समोरच्याला वाटते. ओळखीच्या माणसाला सवलत द्यावी, पण ती सवलत म्हणून लिहावी. लग्नघराने आपले फोटो स्टुडिओच्या जाहिरातीत वापरायला लेखी परवानगी दिली, तर त्याबद्दल काही रक्कम वजा करणे योग्यच, कारण तिथे खरोखर हक्काची देवघेव होते.

कोटेशनमध्ये तारखा, तास, द्यायच्या फोटोंची संख्या, किती वेळा बदल करून मिळतील, मूळ रॉ फाइल मिळणार की नाही, परवान्याची मुदत आणि व्याप्ती हे सगळे असावे. तारीख राखायला बयाणा, कार्यक्रमाच्या दिवशी दुसरा हप्ता आणि अल्बम हाती देताना उरलेली रक्कम, अशी विभागणी दोन्ही बाजूंना सुरक्षित ठेवते. लग्न पुढे ढकलले किंवा मोडले तर बयाण्याचे काय, तेही आधीच लिहावे. त्या तारखेसाठी आलेली इतर कामे परत पाठवलेली असतात.

सेवा व्यवसायाची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या पुढे गेली की मध्य प्रदेशात, तसेच महाराष्ट्रातही, जीएसटीची नोंदणी लागते. नोंदणी झाल्यावर 10,000 च्या बिलावर 18 टक्क्यांप्रमाणे 1,800 वाढतात. कारखान्याला किंवा कंपनीला या कराची वजावट सहसा मिळू शकते, लग्नघराला नाही. त्यामुळे नोंदणी झालेल्या वर्षी घरगुती गिऱ्हाइकांना दर चढल्यासारखा वाटतो आणि त्यांच्यासाठीचा मूळ आकडा पुन्हा तपासावा लागतो. नोंदणी नसताना बिलावर जीएसटी लावणे बेकायदा आहे. कंपन्या पैसे देताना टीडीएस कापतात. ती रक्कम विवरणपत्र भरताना जमेस धरता येते, म्हणून तिच्यासाठी दर वाढवण्याचे कारण नाही.

परवानगी न घेता फोटो वापरलेला आढळला, तर आधी वापराचा पुरावा जमवावा: छापील अंक, संकेतस्थळाचे तारखेसह चित्र, फलकाचा फोटो. त्यानंतर त्या वापराचे, आपल्या नेहमीच्या दराने, बिल पाठवावे. पूर्वी दिलेल्या परवान्यांची बिले हाताशी असली तर मागितलेली रक्कम अवास्तव नाही हे दाखवता येते. कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही. मूळ रॉ फाइल आणि त्याच वेळी काढलेल्या आधीच्या-नंतरच्या फ्रेम हा मालकीचा चांगला पुरावा असतो. प्रकरण मिटले नाही तर भरपाईचा दावा उल्लंघन झाल्यापासून 3 वर्षांच्या आत करावा लागतो.